किल्लारीने शिकवलेली घरबांधणी

सोलापूरच्या शेजारी असलेल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार जीव गेले. ६.२ तीव्रतेचा हा भूकंप जगाच्या मानाने मध्यमच होता. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. मग एवढा संहार कशामुळे झाला? त्याचे उत्तर घरांच्या रचनेत होते.

भिंती जाडजूड होत्या. पण त्यांचे आतले व बाहेरचे असे दगडांचे दोन थर वेगळेच राहत. मधे चिखल-मातीचा भराव असे आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच असे. माथ्यावर वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेले माळवद होते. हादऱ्यासरशी थर सुटले आणि माती-दगड निजलेल्यांवर कोसळले. जिथे लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी माळवद तोलले होते, तिथे भिंत पडूनही अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा होता.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे सरळ ओळींत उभी राहिली. घरे मजबूत होती. पण जनावरे, कडबा, धान्य, शेतीची अवजारे आणि एकत्र कुटुंबाचा चौक यांना त्या आराखड्यात पुरेशी जागा नव्हती. दुसरीकडे, कमी पडझड झालेल्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त व बळकट करण्याचे काम चालले. भिंतीत आरपार दगड बसवणे, कोपरे बांधणे, खांब-तुळयांना तिरक्या आधारांनी जखडणे, माळवदाची माती कमी करणे असे साधे उपाय त्यात होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांनी 'संवाद सहायक' होऊन हे ज्ञान घरोघरी नेले. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर त्यांच्यापैकी काही जणी तेथील स्त्रियांना धीर व सल्ला द्यायला गेल्या.

जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंप झाला, तेव्हा वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून कागदी नळ्यांची घरे उभारली. पायासाठी वाळूच्या पोत्यांनी भरलेले बाटल्यांचे क्रेट वापरले. आपल्या कापडपेठेत तागे ज्यांवर गुंडाळले जातात, तशाच जातीच्या त्या नळ्या होत्या. तेच तंत्र त्यांनी पुढे भुजलाही आणले. विद्यार्थी त्यातून शिकले, की आपत्तीत मिळेल त्या वस्तूतून आणि राहणाऱ्याला विचारूनच घर घडवावे लागते.

घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, हे आपल्या समाजानेही ओळखले होते. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने किल्लारी परिसरातील सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला.

सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी समाजाच्या ट्रस्टने चालवलेली महाविद्यालये आज अभियंते घडवीत आहेत. या विद्यार्थ्यांना शिकण्याजोगा धडा दूरदेशी नाही, तो शेजारच्याच तालुक्यांत आहे आणि पेठेतल्या जुन्या वाड्यांतही आहे. दगड-मातीच्या त्या भिंती, खालच्या मजल्यावरची दुकाने आणि वर साठवलेला माल यांचे मोजमाप विद्यार्थ्यांनी घ्यावे. भिंतीला आरपार बंध कुठे हवा, माथ्यावरचे ओझे किती कमी करावे, हे त्यांनी अनुभवी अभियंत्यांच्या देखरेखीखाली नोंदवावे. वाड्यांच्या मालकांनी त्यासाठी दार उघडावे, एवढीच अपेक्षा.

भूकंपानंतरच्या मदतीसाठी आपले हात नेहमीच सढळ राहिले आहेत. परंतु भिंत पडण्याआधी तिच्यात बसवलेला एक आरपार दगड हे त्याहून मोठे अभयदान ठरेल.