प्याद्यांचे दिवस

बुद्धिबळात वजीर पटावरून गेले की पुष्कळ प्रेक्षक उठतात. वस्तुतः प्याद्यांचे दिवस तेव्हाच सुरू होतात. इतका वेळ कोपऱ्यात जपलेला राजा स्वतः पुढे येऊन झुंजतो आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे वजीर होते. पण प्यादे मागे फिरत नाही. म्हणून येथे घाई महागात पडते.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख हिने माजी जगज्जेती तान झोंगयी हिला १०१ चालींत हरविले. चुका दोन्हीकडून झाल्या. पण संधीची वाट पाहत बसण्याची चिकाटी या १९ वर्षांच्या मुलीने सोडली नाही. २८ जुलैला कोनेरू हंपी यांच्याशी अंतिम सामन्याचे दोन संथ डाव बरोबरीत सुटल्यावर, जलद डावांतील दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. हंपींसारख्या कसलेल्या खेळाडूचाही घड्याळापुढे अखेरीस तोल गेला. त्या विजयाने दिव्या ग्रँडमास्टर झाली.

संपाचेही असेच असते. घोषणांचे दिवस सोपे. वाटाघाटीचा शेवटचा आठवडा कठीण. गर्दी पांगल्यावर जो शांत डोक्याने बसून राहतो, त्याच्याच पदरात काही पडते.