निय्यत कोणत्या भाषेत?

अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या अनेक घरांत मूल घरी उर्दू बोलते, शाळेत मराठीतून शिकते आणि नमाज अरबीत पढते. या तीन भाषांत त्याचे मन कुठे असते?

‘सहीह बुखारी’ची सुरुवातच निय्यतीविषयीच्या हदीसने होते. निय्यतीची जागा दिल आहे, असे उलमा सांगतात. शब्द पाठ असले तरी अर्थ दिलात उतरला नसेल, तर लक्ष भटकते.

भाषा बदलली की ओळखीच्या शब्दाचाही अर्थ बदलतो. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, उर्दू-मराठीत निर्धन. उर्दूतला ‘फाजिल’ विद्वान, तर मराठीतला ‘फाजील’ नको तितका, आगाऊ. म्हणून शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ विचारावा.

‘रब’चेच पाहा. सूरह फातिहात, रुकूत, सजद्यात हा शब्द येतो. मुलाला नुसते ‘मालिक’ सांगून थांबू नका. रब पाळतो, वाढवतो, पूर्णत्वाला नेतो. ‘पालनकर्ता’ म्हणा, शाळेच्या ‘पालक सभे’मुळे त्याला तो शब्द लगेच उमगेल.

नमाज अरबीतच पढायची. अर्थ मात्र मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत सांगावा. आठवड्याला एक शब्द घ्या. इन्शाअल्लाह, सजद्यात कपाळाबरोबर मनही झुकेल.