भावंडांची नावे : जुळावीत किती, वेगळी असावीत किती?

घरात पाळणा हलला की नामकरणाचा विचार सुरू होतो. घरात आधीचे एखादे भावंड असेल किंवा जुळी अपत्ये जन्मली असतील, तर या विचाराला आणखी एक पदर येतो : नावे एकमेकांशी जुळावीत का? ‘हर्षल’च्या पाठोपाठ ‘हर्षद’ हवा, ‘रिद्धी’सोबत ‘सिद्धी’च शोभते, असे पुष्कळांना वाटते. आत्या किंवा फई मानाने नाव सुचविते, आजी-आजोबा पसंतीची मोहोर उमटवितात. त्या आनंदात एक गोष्ट मात्र सहज मागे पडते : हे नाव पुढे आयुष्यभर त्या बालकाला वागवायचे आहे.

जुळ्यांच्या बाबतीत हे साम्य अनेकदा पंचांगातूनच येते. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस राहतो. नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एक चरण साधारण सहा तासांचा. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या दोन बालकांचा चरण बहुधा एकच असतो आणि म्हणून नावाचे आद्याक्षरही एकच निघते. राशीचे अक्षर पाळणाऱ्या घरात जुळ्यांची नावे सारखी होतात, त्यामागे हौसेइतकेच हे गणितही असते.

जुळत्या नावांची आवड आजची नाही. भगवान महावीरांचे जन्मनाव वर्धमान. श्वेतांबर परंपरेनुसार त्यांच्या ज्येष्ठ बंधूंचे नाव नंदिवर्धन, भगिनीचे सुदर्शना आणि कन्येचे प्रियदर्शना. परंतु ‘वर्धमान’ या नावामागे ‘कल्पसूत्र’ निराळेच कारण देते. बालक मातेच्या गर्भात आल्यापासून कुळातील धनधान्याची वृद्धी होत गेली, म्हणून मातापित्यांनी हे नाव योजिले. भावाच्या नावाशी ते जुळले खरे, पण त्याला स्वतःचे असे प्रयोजन होते.

दिगंबर आचार्य रविषेण यांच्या ‘पद्मपुराणा’त सीतेच्या जुळ्या पुत्रांची नावे अनंगलवण आणि मदनांकुश अशी आहेत. अनंग आणि मदन ही दोन्ही कामदेवाची नावे. म्हणजे पूर्वार्धात अर्थाची जोडी साधली आहे. उत्तरार्धात मात्र एक लवण आणि दुसरा अंकुश. हाक मारली तर कोणाला मारली, याविषयी संदेह उरत नाही.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेतील निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडेही येथे आठवतात. निवृत्ती, ज्ञान, जिना आणि मुक्ती असा त्या नावांचा अर्थाने सांधा जुळतो; उच्चाराने एकही नाव दुसऱ्यासारखे नाही. आपल्या रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव विनायक आणि त्यांच्या थोरल्या बंधूंचे गणेश. दैवत एकच, पण नावे कानाला पूर्ण भिन्न. शिवाय लोक एकास बाबाराव म्हणत, दुसऱ्यास तात्याराव.

या उदाहरणांतून एक मर्यादा स्पष्ट दिसते. मेळ अर्थाचा असावा, उच्चाराचा नसावा. आणि ही मर्यादा आजच्या काळात पूर्वीपेक्षा अधिक जपावी लागते.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. भावंडांच्या बाबतीत या तीन शब्दांपैकी दोन आधीच समान असतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्र शासनाने आईचे नावही आवश्यक केले आहे. त्यामुळे आता चार शब्दांपैकी तीन समान झाले आणि भावाला भावापासून वेगळे करणारा शब्द एकच उरला. जुळ्यांची तर जन्मतारीखही एकच. अशा वेळी तो उरलेला शब्दही एकाच मात्रेने किंवा एकाच अक्षराने वेगळा असेल, तर शाळेच्या हजेरीपटापासून बँकेच्या खात्यापर्यंत गोंधळाला वाव राहतो. आपल्या व्यापारी घरांत तर दोघे भाऊ पुढे एकाच पेढीवर बसतात. आद्याक्षरे तीच, आडनाव तेच. मग बिलावर, धनादेशावर किंवा मालाच्या पावतीवर सही नेमकी कोणाची, हे ठरविताना मुनीमही अडखळतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्वही वाढले आहे. शाळाप्रवेश, पारपत्र आदी कामांसाठी जन्माचा पुरावा म्हणून तो एकच दाखला ग्राह्य धरला जातो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असली, तरी बालकाचे नाव त्या नोंदीत १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. म्हणजे घाईने जोडी जुळविण्याचे कारण नाही. दोन्ही नावे पूर्ण लिहून पाहावीत, केवळ आद्याक्षरांनी लिहून पाहावीत आणि शेजारच्या खोलीतून हाक मारून पाहावीत. राशीचे अक्षर पाळायचेच असेल, तर पहिल्या अक्षरानंतरचे सारे वेगळे ठेवावे : ‘मितेश’ आणि ‘मितेन’ यांपेक्षा ‘मितेश’ आणि ‘मिहिर’ बरे.

याहून गंभीर प्रश्न मात्र कागदाचा नाही, मनाचा आहे. जुळती नावे दिली की घरातील मंडळी दोघांना एका दमात हाक मारू लागतात, एकसारखे कपडे आणतात आणि नकळत एकाच मापाने मोजू लागतात. एकाला गुण अधिक मिळाले की दुसऱ्याला ते ऐकविले जाते. एक दुकानात रमला की दुसऱ्यानेही रमावे, असे गृहीत धरले जाते.

या बाबतीत भगवान महावीरांच्या पहिल्या तीन गणधरांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. इंद्रभूती, अग्निभूती आणि वायुभूती हे सख्खे भाऊ. पित्याचे नाव वसुभूती. नावांचा याहून सुरेख मेळ क्वचितच सापडेल. तिघेही विद्वान, तिघेही एकाच घरात वाढलेले. परंतु भगवंतांसमोर आले तेव्हा तिघांच्या मनांतील शंका तीन होत्या. इंद्रभूतींना जीवाच्या अस्तित्वाविषयी, अग्निभूतींना कर्माविषयी, तर वायुभूतींना शरीर आणि जीव एकच की भिन्न याविषयी. भगवंतांनी तिघांना मिळून एक उत्तर दिले नाही. ज्याची जी शंका, तिचे त्याला समाधान दिले.

पुढची वाटचालही निराळी झाली. श्वेतांबर परंपरेनुसार दीक्षेनंतर वायुभूतींना १० वर्षांनी, अग्निभूतींना १२ वर्षांनी केवलज्ञान झाले. सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत विख्यात अशा इंद्रभूती गौतमांना त्यासाठी ३० वर्षे लागली. म्हणून त्यांना कोणी कमी लेखले नाही. आजही दिवाळीच्या वहीपूजनात अनेक पेढ्यांवर पहिले स्मरण गौतमस्वामींच्या लब्धीचे होते.

नावे जुळविण्याची हौस आईवडिलांनी अवश्य करावी. मात्र त्यानंतर प्रत्येक मुलाची शंका, गती आणि आवड स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी.