पत्रावळीची ‘प्लेट’ करू नका!

आमची धाकटी यंदा चौथीत. ह्यांची चाकणला सेकंड शिफ्ट असली की रात्री मी तिला ‘श्यामची आई’ वाचून दाखवते. वाचताना माझी एक खोड. अवघड शब्द आला की तिथल्या तिथे सोपा करायचा. पडवीची गॅलरी, फडताळाचं कपाट! शाळेत अर्धवेळ शिकवते ना, ती सवय घरीही सुटत नाही.

परवा पत्रावळीची गोष्ट आली. श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि शिकायचा तर कंटाळा. मी आपली बेधडक ‘प्लेट, प्लेट’ करत वाचत सुटले. लेक म्हणाली, “आई, प्लेट कशी गं लावतात? आणि ती शिकायला कशाला लागते?”

मी गप्प! सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, पानांची असते ती. उद्या दाखवते तुला.”

दुसऱ्या दिवशी वडाची पानं आणि कडुलिंबाच्या काड्या घेऊन आजी-नात बसल्या. पहिल्या पत्रावळीतून वरण गळलं, दुसरीवर शिरा मात्र टिकला. खेड तालुक्यातल्या माहेरी लग्नकार्यात आपण किती पत्रावळी लावल्या, हे सासूबाईंनी मला बारा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नातीला सांगितलं. मी शब्द गाळला असता, तर ही गोष्टही राहिलीच असती.

तेव्हापासून मनात घोळतंय, की मुलांसाठी जुन्या पुस्तकांची भाषा बदलावी का?

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून २०११ पासून ते कुणीही छापू शकतं, हवं तसं सोपंही करू शकतं.

सगळेच बदल वाईट, असं नाही हं. पूर्वी ‘आईनें’ असं डोक्यावर टिंब देऊन लिहीत. १९६२ च्या नियमांनी ती न उच्चारली जाणारी टिंबं गेली. काय बिघडलं? उलट वाचणं सोपं झालं. पण टिंब काढणं वेगळं आणि घरातली वस्तूच काढून टाकणं वेगळं. इंग्लंडमध्येही एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ची भाषा प्रकाशकांनी २०१० मध्ये नवी केली. वाचकांना ती रुचली नाही, आणि २०१६ मध्ये ते जुन्याच भाषेकडे परतले.

मग टोचणाऱ्या शब्दांचं काय? ह्याच पुस्तकात अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका म्हातारीला श्याम मोळी उचलून देतो. आईच त्याला पाठवते, पण नंतर अंघोळ करायलाही सांगते. माझ्या वर्गात सगळ्या जातींची, मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या कामगारांची मुलं बसतात. तिथे मीही अडखळते. पण ते गाळलं, तर शिवाशिव होती हेच मुलांना कळणार नाही. म्हणून मी वाचते, थांबते आणि ‘हे चूक होतं’ असं स्वच्छ सांगते.

मैत्रिणींनो, एवढं करून पाहा. पुस्तक घेताना ‘संक्षिप्त’ आहे का ते आधी बघा. वाचताना शब्द बदलू नका. अडला तर अर्थ सांगून पुढे जा. एक छोटी वही करून नवे शब्द मुलांनाच लिहू द्या. आणि घरात आजी-आजोबा असतील तर अर्थ त्यांनाच विचारायला लावा.

आमच्या वहीत आजवर एकतीस शब्द झालेत. त्यातले सहा मलाही ठाऊक नव्हते!