परतीचा हक्क : पॅलेस्टाईनचा वाद आणि मराठी ज्यू

भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामध्ये जेमतेम २७ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तिच्यावर ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब असे दोन समाज हक्क सांगतात. ज्यूंच्या दृष्टीने ही पूर्वजांची भूमी. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, समाज देशोदेशी पांगला, पण रोजच्या प्रार्थनेतून जेरुसलेम गेले नाही. युरोपातल्या छळानंतर तर स्वतःचे राज्य असल्याशिवाय आपला निभाव लागणार नाही, अशी त्यांची खात्री पटली. पॅलेस्टिनींचे म्हणणे असे की, पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन आम्ही कसली, गावे आम्ही वसवली. युरोपने केलेल्या पापाची भरपाई आमच्या घरादारातून का? या वादाशी कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचेही नशीब बांधले गेले.

कागद एकाचा, नांगर दुसऱ्याचा

वादाची सुरुवात शेतीच्या जमिनीपासून झाली. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ऑटोमन तुर्कांच्या १८५८ च्या जमीन कायद्याने जमिनीची नोंदणी सुरू झाली. कर आणि सैन्यभरती यांच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी नावे लावलीच नाहीत, आणि मोठमोठे पट्टे शहरी धनिकांच्या नावे चढले. बैरूतच्या सुरसोक घराण्याकडे मर्ज इब्न आमिर या सुपीक खोऱ्यातली गावेच्या गावे होती. १९२० च्या दशकात त्यांनी ती ज्यू संस्थांना विकली. व्यवहार कायदेशीर होता, पण कसणाऱ्या कुळांना उठावे लागले. शहापूर-मुरबाडकडच्या वाचकाला हा गुंता नवा नाही. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पॅलेस्टाईनमध्ये ऑटोमनांनंतर सत्तेवर आलेल्या ब्रिटिशांनी कुळांसाठी काढलेले वटहुकूम तोकडे पडले. तरीही १९४७ पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सुमारे ७ टक्केच होती.

दोन वचने आणि फाळणी

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी दोघांनाही आशा लावली. १९१५-१६ मध्ये ब्रिटिश अधिकारी मॅकमहोन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना लिहिलेल्या पत्रांतून अरबांना स्वातंत्र्याचे आश्वासन मिळाले. त्यात पॅलेस्टाईन येते की नाही, यावर पुढे कायम वाद राहिला. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय निवासस्थान’ देण्यास पाठिंबा दिला आणि तिथल्या इतर रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही, असेही म्हटले. त्यांच्या राजकीय हक्कांचा उल्लेख मात्र त्यात नव्हता.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. १० देश तटस्थ राहिले. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या वाट्याला निम्म्याहून अधिक भूभाग आला. ज्यू नेतृत्वाने योजना स्वीकारली, अरबांनी फेटाळली. भारताने विरोधात मत दिले. इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर त्याने एका संघराज्याचा पर्याय सुचवला होता. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारी अरब राष्ट्रे युद्धात उतरली. १९४९ च्या युद्धबंदीपर्यंत सुमारे ७८ टक्के भूभाग इस्रायलकडे गेला आणि सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित झाले. या आपत्तीला ते ‘नकबा’ म्हणतात. पुढच्या काही वर्षांत अरब देशांतल्या लाखो ज्यूंनाही घरे सोडावी लागली.

नवगावहून लोदला

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात जोडपी तेवढी वाचली. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून पडली. मुंबईत १७९६ मध्ये आणि ठाण्यात १८७९ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. भारतात ज्यू म्हणून त्यांचा छळ झाला नाही. ज्यूंच्या मायदेशासाठी १८९७ मध्ये भरलेल्या पहिल्या झायोनवादी परिषदेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. सियोनला, म्हणजे जेरुसलेमला, नेईल तो देवाचाच हात, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९४८ नंतर चित्र पालटले. धर्माची ओढ, ब्रिटिश गेल्यावर सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांबद्दलची धाकधूक आणि पुढे गेलेले नातेवाईक, यांमुळे वीसेक हजारांपैकी बहुतेक हळूहळू निघून गेले. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, रामले आणि लोद इथे त्यांची वस्ती झाली. यांपैकी रामले आणि लोद ही १९४८ पर्यंत अरबांची शहरे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये इस्रायली सैन्याने ती घेतली आणि पन्नास हजारांहून अधिक रहिवाशांना बाहेर काढले. बरेच जण भर उन्हात पायी रामल्लाकडे गेले. पुढे याच शहरांत बाहेरून आलेल्या ज्यूंना वसवण्यात आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

मराठी ज्यूंना इस्रायलमध्ये बरोबरीचा हक्क सहज मिळाला नाही. भेदभावाला कंटाळून काहींनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये ते भारतात परतले. १९६१-६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी सक्तीची केली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन पेटले, संसदेला दखल घ्यावी लागली आणि त्या आदेशातून समाजाचे नाव काढण्यात आले. आज तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघते. संदेष्टा एलियाहूच्या नावाने मलिदाही होतो : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि भोवती फळे.

परतीचे दोन हक्क

इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होता येते. अलिबागचा ज्यू याच कायद्याने लोदचा रहिवासी झाला. पॅलेस्टिनी निर्वासित ११ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या १९४ क्रमांकाच्या ठरावावर बोट ठेवतात : शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना घरी परतू द्यावे, न परतणाऱ्यांना भरपाई मिळावी. इस्रायलचे उत्तर असे की, लाखो निर्वासित परतले तर ज्यूबहुल राज्यच उरणार नाही. त्यांची मागे राहिलेली मालमत्ता १९५० च्याच अनुपस्थित मालमत्ता कायद्याने सरकारच्या ताब्यात गेली.

१९६७ च्या युद्धात वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझाही इस्रायलच्या ताब्यात आले. वेस्ट बँकेतल्या वसाहती वाढत गेल्या. १९८८ मध्ये पॅलेस्टिनी नेतृत्वाने राष्ट्र घोषित केले. १९९३ च्या ओस्लो कराराने मर्यादित स्वशासन मिळाले, पण सीमा, जेरुसलेम, वसाहती आणि निर्वासित हे चार प्रश्न पुढे ढकलले गेले. गाझातल्या हमास संघटनेच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकडेवारीनुसार साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले.

भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, १९५३ मध्ये मुंबईत त्याचा वाणिज्य दूतावास सुरू झाला आणि २९ जानेवारी १९९२ पासून पूर्ण राजनैतिक संबंध आहेत. पॅलेस्टाईन राष्ट्रालाही भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली आहे. शेजारी-शेजारी दोन राष्ट्रे, ही भारताची अधिकृत भूमिका आजही कायम आहे.