चाळीस यार्डांची कसोटी

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने जो खेळ खेळला जातो, त्याचा पायाशी संबंध बेताचाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातात धरून पळायचे अथवा पुढे फेकायचा, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन पळणाऱ्यास लोळवायचे, असा हा दांडगा प्रकार आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी एखाद्या मुक्कामात रविवारी दूरदर्शनसंचापुढे बसून तो पाहिलाही असेल.

या खेळात ‘वाइड रिसीव्हर’ नावाचा एक गडी असतो. तो रांगेच्या अगदी कडेला, मैदानाच्या सीमारेषेकडे उभा राहतो. डाव सुरू होताच पुढे धावायचे, पाठीस लागलेल्या रक्षकास चुकवायचे आणि ‘क्वार्टरबॅक’ने फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचे काम. वरवर पाहता हा सारा पळण्याचाच मामला वाटतो. मग या गड्याच्या निव्वळ वेगाला किती किंमत द्यावी?

व्यावसायिक संघ ती भरपूर देतात. नव्या खेळाडूंची निवड होण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतली जाते. १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरी भरत आली आहे. तीत सर्वांचे डोळे लागतात ते चाळीस यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांच्या धावेकडे. बंदुकीचा बार नाही, शिरस्त्राण नाही, खांद्यावर चिलखत नाही, समोर अडवणाराही कोणी नाही. मुलाने आपल्या मनाने निघायचे आणि सरळ रेषेत सुटायचे. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर कोणाचे नशीब उघडते, कोणाचे मिटते.

२०१७ साली जॉन रॉस याने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा उच्चांक केला. सिनसिनाटीच्या संघाने त्यास एकूण निवडीत नववा क्रमांक दिला. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. त्यास दुखापतींनी ग्रासले होते हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण पुढेही तो अपेक्षेएवढा चमकला नाही. त्याच वर्षी त्याच परीक्षेत कूपर कप नावाच्या तरुणास ४.६२ सेकंद लागले. अडुसष्ट जणांची निवड होऊन गेल्यावर लॉस एंजेलिसच्या संघाने त्यास घेतले. २०२१ च्या हंगामात या ‘मंद’ गड्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि झेल घेऊन १६ टचडाउन अशी कामगिरी केली आणि तिन्ही बाबतींत तो सर्वांच्या पुढे राहिला.

याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे. चेंडू बहुधा अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकच्या हातून सुटतो. रिसीव्हरने कोणत्या वाटेने धावायचे, कोठे वळायचे, हे आधीच ठरलेले असते; पुष्कळदा तो वळण्यापूर्वीच चेंडू हवेत असतो. रक्षकास मात्र ती वाट ठाऊक नसते. तेव्हा भरधाव असता दोन पावलांत थांबणे आणि कोणत्या बाजूस वळणार याचा सुगावा लागू न देणे, येथे खरा कस लागतो. ज्यांनी खो-खोत हुलकावणी दिली आहे वा खाल्ली आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे. शिवाय पहिल्या पाच यार्डांत रक्षकास हाताने अडवण्याची मुभा आहे (त्यापुढे ती १९७८ च्या नियमाने काढून घेण्यात आली), म्हणजे निघतानाच धक्काबुक्की सोसावी लागते. सरळ धावेत यांतले काहीच दिसत नाही.

तथापि वेग कुचकामाचा, असे मात्र कोणी समजू नये. बॉब हेज याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी तो डॅलसच्या संघाकडून मैदानात उतरला. पहिल्याच हंगामात त्याने हजारावर यार्ड कमावले. त्याच्यामागे एकट्याने धावणे कोणासही साधेना; तेव्हा माणसामागे माणूस लावण्याऐवजी मैदानाचे भाग वाटून घेऊन राखण करण्याची पद्धत फोफावली, आणि त्याचे बरेचसे श्रेय जाणकार हेजलाच देतात. धास्तावलेला रक्षक आधीच काही पावले मागे उभा राहतो. मग समोरची मोकळी जागा रिसीव्हरला न पळताच मिळते. वेगाचा हा उपयोग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

परंतु त्याच्याच पाठोपाठ आलेला जिम हाइन्स पाहा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ९.९५ सेकंदांत शंभर मीटर धावून त्याने विश्वविक्रम केला, सुवर्णपदक मिळवले. १९६९ मध्ये मायामीच्या संघातून खेळताना त्याच्या हाती संपूर्ण हंगामात दोन झेल आले, आणि त्यांतून २३ यार्ड. पाय ऑलिंपिक विजेत्याचे होते, पण चेंडू हातात टिकेना.

आणि जेरी राइस! गवंड्याचा हा मुलगा लहानपणी बापाच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलत असे. चाळीस यार्डांसाठी त्यास ४.७ सेकंदांच्या आसपास लागत, असे सांगितले जाई. रॉसबरोबर तो धावता, तर चार-साडेचार मीटर मागे पडता. १९८५ साली पंधरा जणांनंतर, आणि त्यांतल्या दोन रिसीव्हरांच्याही नंतर, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्यास निवडले. हंगाम नसे तेव्हा तो सॅन कार्लोसजवळची अडीच मैलांची चढण धावत चढे. वीस हंगाम तो खेळला. १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड नावावर करून बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मैदानात टिकला. चौथ्या सत्रात इतर दमलेले असताना त्याचा वेग मात्र पहिल्या सत्राइतकाच असे, ही त्याची ख्याती होती. थकल्यावर उरणारा वेग कोणत्या घड्याळाने मोजावा?

आमच्या शाळांतूनही संघ निवडताना शर्यत लावण्याचा मोह होतोच, कारण तिचा निकाल वादातीत असतो आणि पालकांस दाखवता येतो. हुलकावणीस गुण कसे द्यायचे, हे कोणी ठरवून दिलेले नाही.

अमेरिकेत अलीकडे खेळाडूंच्या खांद्याच्या चिलखतात बारीक यंत्र बसवतात. झेलाच्या क्षणी रिसीव्हर आणि रक्षक यांत किती अंतर होते, हेही त्यामुळे कळू लागले आहे. तरीही २०२४ साली झेव्हियर वर्दी याने ४.२१ सेकंदांत धाव पूर्ण करून रॉसचा उच्चांक मोडला, तेव्हा वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत छापला गेला तो हाच आकडा.