काणी की काजळी? साधा सूक्ष्मदर्शक वापरावा कसा, जपावा कसा



बेणेमळ्यात उसाच्या पानावर काळी पूड दिसली की पहिली शंका येते ती काणीची. शंका खरी असेल तर ते बेणे लावून चालत नाही. खोटी असेल तर चांगले बेणे हकनाक गाळपाला जाते. म्हणून गट ऑफिसमध्ये साधा सूक्ष्मदर्शक ठेवलेला असतो. अलीकडे काही सभासदांची शाळा-कॉलेजात शिकणारी मुलं घरीही असं यंत्र आणू लागली आहेत. यंत्र चांगलंच आहे, पण ते नीट वापरलं तरच खरं बोलतं.

आमचीच एक चूक प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी पूर्वहंगामी लागणीच्या तोंडावर एका सभासदाचा नमुना आम्ही घाईने पाहिला. काळ्या कडेचे गोल गोल दिसले. काणीचे बीजाणू समजून आम्ही मळ्याची मंजुरी थांबवली. आठ दिवसांनी नवी स्लाइड केली, तेव्हा कळलं की ते हवेचे बुडबुडे होते आणि बाकीचे ठिपके डोळ्याकडच्या भिंगावरच्या धुळीचे होते. तोवर त्यांचं बेणं नेणारे शेजारी दुसरीकडून न तपासलेलं बेणं घेऊन मोकळे झाले होते. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

यंत्राची ओळख

या यंत्रात दोन ठिकाणी भिंगं असतात. डोळ्याकडचं भिंग बहुधा १० पट मोठं दाखवतं. खालच्या फिरत्या चकतीवर ४, १० आणि ४० पटीची भिंगं असतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा, म्हणजे वस्तू ४०, १०० किंवा ४०० पट मोठी दिसते. चित्र उलटं दिसतं. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो, पण दोन दिवसांत हात बसतो.

स्लाइड करण्याची रीत

स्वच्छ स्लाइडवर पाण्याचा एक थेंब टाकावा. सुईच्या टोकाला लागेल इतकीच पूड त्यात मिसळावी. जास्त घेतली तर सगळा काळोख दिसतो. पूड पाण्यावर तरंगत राहिली तर थेंबात साबणाच्या पाण्याचा अंश घालावा. वरची पातळ काच एका कडेने टेकवून तिरपी धरावी आणि सावकाश खाली सोडावी. वरून थाप मारून ठेवली की बुडबुडे झालेच म्हणून समजा.

पाहण्याची रीत

सुरुवात नेहमी ४ पटीच्या भिंगाने करावी. आधी बाजूने बघत मोठ्या स्क्रूने भिंग आणि स्लाइड जवळ आणावीत. मग डोळा लावून ती एकमेकांपासून दूर नेत चित्र स्पष्ट करावं. डोळा लावलेला असताना जवळ आणू नये. स्लाइड तर फुटतेच, पण भिंगालाही चरा पडतो. नंतर १० आणि शेवटी ४० पटीवर जावं. ४० पटीवर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू फिरवायचा.

आरशाचं यंत्र असेल तर खिडकीतला उजेड घ्यावा. सूर्य थेट आरशात कधीही घेऊ नये, डोळा कायमचा अधू होऊ शकतो. उजेड फार झाला तर बारीक गोष्टी पुसट होतात. मंचाखालची झडप थोडी मिटली की त्या उठून दिसतात.

काय दिसतं?

४०० पटीवर काणीचे बीजाणू सुटे, गोल, तपकिरी आणि जवळपास एकाच मापाचे दिसतात. प्रत्यक्षात ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ५ ते १० पट असतात, म्हणजे या यंत्रात मोहरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढे भासतात. काजळी मात्र पांढरी माशी किंवा लोकरी मावा यांच्या चिकट गोड स्रावावर वाढणारी बुरशी आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा आला, तेव्हा काळी पडलेली पानं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. काजळीचे काळपट धागे दिसतात, काही मण्यांच्या माळेसारखे. मातीचे कण वेडेवाकडे, कोनदार आणि लहानमोठे असतात. हवेच्या बुडबुड्याची कड जाड काळी आणि मध्य लख्ख असतो. एकाच स्लाइडवर बुडबुडे सगळ्या मापांचे सापडतात.

ठिपका खरा आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. डोळ्याकडचं भिंग फिरवून बघा. ठिपका बरोबर फिरला तर घाण त्याच भिंगावर आहे. स्लाइड सरकवा. ठिपका सरकला तरच तो स्लाइडवरचा. दोन्हींनी हलला नाही, तर खालच्या भिंगावर किंवा उजेडाच्या वाटेवर धूळ आहे. ही परीक्षा त्या दिवशी केली असती, तर वरची चूक टळली असती.

काय दिसत नाही?

हे नीट ध्यानात ठेवावं. गवताळ वाढ आणि मोझॅक यांचं मूळ या यंत्रात दिसत नाही, ते फार सूक्ष्म आहे. काणी डोळ्याच्या आत दडून बसलेली असेल, तर पानावरच्या पुडीत तिचा पत्ता लागत नाही. म्हणून स्लाइड स्वच्छ दिसली म्हणजे बेणं निरोगी, असं मुळीच समजू नये. मळ्यातून फिरून पाहणी आणि बेणेप्रक्रिया चुकवू नये. शेंड्यातून काणीचा काळा चाबूक बाहेर पडलेला असेल, तर सूक्ष्मदर्शकाची वाट पाहू नये. चाबकावर आधी पिशवी चढवावी, मग तो अलगद कापावा. बेट मुळासकट उपटून जाळावं. नमुना आणायचा झाल्यास पिशवीचं तोंड बांधूनच आणावा. उघडा आणला तर वाटेतल्या उसावर बीजाणू उडतात.

निगा

यंत्र नेताना एक हात दांड्याला आणि दुसरा बुडाखाली असावा. काम संपलं की ४ पटीचं भिंग खाली आणावं, स्लाइड काढावी आणि मंच कोरडा पुसावा. भिंग धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसू नये. आधी फुग्याने धूळ उडवावी, मग भिंगाच्या खास कागदाने हलक्या हाताने मधून कडेकडे पुसावं. भिंग आतून उघडण्याचा खटाटोप घरी करू नये. तेल फक्त १०० पटीच्या भिंगासाठी असतं. ते ४० पटीच्या भिंगाला लागू देऊ नये.

खरा वैरी पावसाळा. दमट हवेत भिंगावरही बुरशी चढते, आणि उसावरची बुरशी पाहण्याचं यंत्र स्वतःच बुरशीने आंधळं होतं. म्हणून ते कोरड्या कपाटात ठेवावं, शेजारी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असावी. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदलावी. गाळपाच्या दिवसांत भुसा आणि राख उडते, तेव्हा यंत्रावर झाकण हवंच. पण ओलं यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये.

सभासदांना विनंती, शंका आली की बेणे तोडण्याआधी नमुना घेऊन गट ऑफिसात या. नमुना आमच्याबरोबर स्वतः डोळा लावून बघा, आणि घाई दिसली तर आम्हालाही थांबवून दुसरी स्लाइड करायला सांगा. दुसऱ्या स्लाइडला पाच मिनिटं लागतात. चुकीच्या बेण्याची किंमत मात्र लागणीपासून शेवटच्या खोडव्यापर्यंत मोजावी लागते.

— ऊस विकास अधिकारी